फळीवरचे दोघे

कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मुरुम गावच्या बाजारगल्लीत शंभुलिंगआप्पा मिटकरींचं भांड्यांचं दुकान आहे. आता ते त्यांचा मुलगा विरेश चालवतो. आप्पा सकाळची पूजा आटोपून येतात आणि दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत बसून राहतात. ओळखीचं कुणी गेलं तर शरणार्थ म्हणतात, बाकी बोलत नाहीत. हा सत्तरीला टेकलेला माणूस परवा-परवापर्यंत समुद्रात फळी घेऊन उतरायचा आणि लाटेवर उभा राहायचा, असं नवख्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. गावात पूर्वी सगळेच हसायचे. नंतर हसणं बंद झालं.

सुरुवात झाली ती मुलीमुळं. आप्पांच्या घरात मराठीइतकीच कानडी चालते, त्यामुळं शिवरंजनीला कर्नाटकात दिली तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. जावई बँकेत. बदल्या होत होत ते मंगळूर आणि उडुपीच्या मधल्या किनाऱ्यावर एका लहानशा गावी आले. आप्पांनी नुकतंच दुकान विरेशच्या हाती सोपवलं होतं. मुलीचं नवं बिऱ्हाड बघायला ते निघाले तेव्हा बायको उमाबाई गुडघ्यांमुळं एवढ्या लांबच्या बसला तयार झाल्या नाहीत, म्हणून आप्पांनी अंबादास सरांना बरोबर घेतलं.

अंबादास सर मूळचे तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. तरुणपणी मुरुमच्या शाळेत भूगोलाचे मास्तर म्हणून आले, आप्पांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहिले, पुढं तेच घर विकत घेतलं. एक लिंगायत दुकानदार आणि एक तुळजापूरचा मास्तर, पण दोघांचं जमलं ते असं की संध्याकाळी तळ्याच्या रस्त्यानं फिरायला एक निघाला आणि दुसरा दिसला नाही, तर लोक विचारायचे, दुसरे आजारी आहेत का. आप्पा बारीक, काटक, कमी बोलणारे. सर अंगानं भरलेले, मोठ्यानं हसणारे. निवृत्त झाल्यावर सरांचा वेळ जाता जात नव्हता. त्यांचा मुलगा शंतनू पुण्यात नोकरीला, घरी फक्त त्या दोघांचा संसार, ते आणि शामलाबाई.

तर आळंद, गुलबर्गा, तिथून मंगळूरची बस, असं करत दोघं मुलीकडं पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेले तर तिथं माडाखाली एका झोपडीसमोर रंगीत फळ्या उभ्या करून ठेवलेल्या. लोकय्या नावाचा चाळिशीचा माणूस, पूर्वी होडीवर जायचा, आता लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवायचा. सर फळीवरून हात फिरवत उभे राहिले.

“शंभू, विचार की त्याला, म्हाताऱ्यांना शिकवतो का.”

“येडा झालास का?”

“विचार तर.”

आप्पांनी कानडीत विचारलं. लोकय्यानं दोघांना खालून वर बघितलं आणि एकच विचारलं, पोहता येतं का. पोहता दोघांनाही येत होतं. आप्पा मुरुमच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकले होते, सर तुळजापूरच्या कल्लोळ तीर्थात नाही पण मामाच्या मळ्यातल्या विहिरीत. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. समुद्राचं पाणी अंगावर येतं, पायाखालची वाळू ओढून नेतं, नाकातोंडात खारटपणा भरतो. पहिल्या सकाळी दोघांनीही फक्त पाणी गिळलं. सरांचा चष्मा गेला. आप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग, फळीवर पालथं पडलं की छातीत रुतायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ते कापडात घट्ट गुंडाळून दंडाला बांधलं आणि मनातल्या मनात क्षमा मागितली.

आठवड्याच्या शेवटी आप्पा उभे राहिले. किती वेळ, तर डोळा मिटून उघडावा तेवढा. पण त्या तेवढ्या वेळाबद्दल ते पुढं कितीतरी वेळा बोलले, आणि एरवी न बोलणारा हा माणूस त्याबद्दल बोलताना थांबायचा नाही. म्हणायचे, तुळजापूरच्या घाटात इंजिन बंद करून स्कूटर सोडल्यावर कसं होतं, तसं. आवाज नाही, धक्का नाही, आपण काही करत नाही आणि तरी चाललोय. फक्त इथं रस्ताच चालत असतो. तोपर्यंतच्या साठ वर्षांत आप्पांनी स्वतःच्या आनंदासाठी काही केल्याचं गावाला माहीत नव्हतं. बापाच्या मागं दुकान, मग बहिणींची लग्नं, मग पोरं. सिनेमाला जायचे तेही पाहुणे आले तर.

त्यानंतर दर हिवाळ्यात दोघं जायला लागले, स्वतःच्या फळ्या घेऊन त्या लोकय्याकडं ठेवल्या. पाऊसकाळात तिकडचा समुद्र खवळलेला असतो, दिवाळीनंतर निवळतो, लाटा आपल्या बेताच्या होतात. महिनाभर मुलीकडं राहायचं, सकाळ-सकाळ पाण्यात जायचं, दुपारी मासे न खाता सोलकढीसारखं काहीतरी पिऊन झोपायचं. मुरुमला परतल्यावर आप्पांच्या गच्चीवर चटई टाकून सराव चालायचा. पालथं पडायचं, हात टेकायचे आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभं राहायचं. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. बाजारात कुणी विचारायचं, “आप्पा, औंदा समुद्र कसा हाय?” आणि चार जण हसायचे. उमाबाई म्हणायच्या, “या वयात उघड्या अंगानं फळीवर पडतेत. लेकीच्या सासरचे काय म्हणत असतील?” पण त्यांनी अडवलं नाही. शामलाबाईंनी तर कधी काही म्हटलंच नाही. सरांच्या बॅगेत त्या आठवणीनं खोबरेल तेलाची बाटली ठेवायच्या, खाऱ्या पाण्यानं कातडी फुटते म्हणून.

सर आप्पांच्या मागं होते. त्यांचं अंग जड, उठायला वेळ लागायचा, तोवर लाट निघून गेलेली असायची. पण त्यांना त्याचं काही नव्हतं. पडले की पाण्यातून डोकं वर काढून हसायचे, ते हसू किनाऱ्यावर ऐकू यायचं. चौथ्या हिवाळ्यात मात्र ते लवकर थकायला लागले. दोन-तीन लाटा झाल्या की वाळूवर जाऊन बसायचे.

“काय रं, दमलास?” आप्पा विचारायचे.

“पोट सुटलंय. तू जा.”

“पुरणपोळ्या कमी कर.”

“करतो की. जा तू, लाट आली बघ.”

आप्पा जायचे. त्यांना पाण्यातून बाहेर यायला जिवावर यायचं.

त्या दिवशी सकाळी लाटा लहान होत्या, पाणी जवळजवळ सपाट. सर म्हणाले, आज माझ्यासारख्याचा दिवस आहे. आप्पा आत, लाटा उठतात तिथं फळीवर बसून होते. सर त्यांच्यापुढं, कमरेइतक्या पाण्यात. लोकय्यानं त्यांची फळी धरून ठेवली आणि लाट आल्यावर ढकलून दिली. सर उठले. या खेपेला पाय बरोबर पडले. आप्पा मागून बघत होते. त्यांना सरांची पाठ दिसत होती, दोन्ही हात बाजूला पसरलेले, आणि ती पाठ लांब लांब जात राहिली. इतका वेळ सर कधी उभे राहिले नव्हते. लाट संपली तिथं ते गुडघाभर पाण्यात उतरले, एक पाऊल टाकलं आणि खाली बसले. मग पुढं वाकले.

आप्पांना वाटलं, आनंदानं बसलाय. त्यांनी हात वर करून ओरडून विचारलं, “मास्तर, आता पेढे कधी?”

सर हलले नाहीत. फळी दोरीला बांधलेली तशीच त्यांच्या पायाशी हिंदकळत होती. लोकय्या पळाला. आप्पा फळीवर पालथे पडून हात मारत किनाऱ्याकडं निघाले, आणि त्यांना वाटत होतं की पाणी त्यांना मागं ओढतंय. ते पोचले तेव्हा लोकय्या सरांना वाळूवर उताणं करून छाती दाबत होता. रिक्षा आली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं, बुडून नाही गेले, छातीत पाणी नाही. आप्पांनी ते कानडीतून ऐकलं आणि शामलाबाईंना फोनवर मराठीतून सांगितलं.  त्या एवढंच म्हणाल्या, “घेऊन या.”

सरांना घेऊन आप्पा ॲम्ब्युलन्सनं मुरुमला आले. सगळा घाट, सगळं कर्नाटक, ते सरांच्या पायाशी बसून होते. शंतनू पुण्याहून पोचलेला होता. आंघोळ घालताना सरांच्या कानातून ओली वाळू निघाली. शंतनूनं ती बोटावर घेतली, बघितली आणि अंगणात उभ्या असलेल्या आप्पांकडं वळला. गल्ली माणसांनी भरलेली होती.

“काका, चौसष्ट वर्षांच्या माणसाला समुद्रात कोण नेतं?”

आप्पा त्याच्या बोटावरच्या वाळूकडं बघत होते.

“तुम्ही नसता तर ते गेले असते का तिकडं? घरात बसून पेपर वाचत असते ते आत्ता.”

शामलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मुलाकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, आणि पदर तोंडाशी घेऊन आत गेल्या.

गावाला एवढं पुरलं. आप्पांनी मास्तरला समुद्रात नेऊन मारला, असं तोंडावर कुणी म्हटलं नाही. पण दुकानात गिऱ्हाईक आलं की पातेलं वाजवून बघता बघता विचारायचं, “व्हय हो, ते मास्तर तुमच्याच संगं हुते का?” शाळेतल्या एका जुन्या शिक्षकानं भर लग्नात सांगितलं की अंबादासला पाण्याची भीती होती, शंभुलिंगनं गळ घालून नेलं. आप्पा तिथंच जेवत होते. ते ताटावरून उठले नाहीत, पण त्यानंतर लग्नांना जायचे बंद झाले.

घरी विरेश म्हणाला, “आप्पा, बास आता. फळ्या लोकय्याला देऊन टाका.” उमाबाईंनी तर देवासमोर उभं करून शपथ मागितली. आप्पांनी शपथ घेतली नाही, पण फोनवर लोकय्याला सांगितलं, येणार नाही. संध्याकाळचं फिरणं सुटलं. समोरचं दार बंद असायचं. शामलाबाई दूध घ्यायला बाहेर यायच्या तेव्हा आप्पा खिडकीतून मागं सरकायचे. एक-दोनदा नजरानजर झाली, शामलाबाईंनीच मान खाली घातली. आप्पांना वाटलं, ही बाई आपल्या नवऱ्याच्या मरणासाठी मला कधी माफ करणार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी फक्त उमाबाईंना सांगितली. त्यांना समुद्र आठवायचा. सर नव्हे, समुद्र. दुपारी खुर्चीत डोळा लागला की पाठीखालून लाट उचलल्यासारखं व्हायचं आणि बरं वाटायचं. जागे झाले की स्वतःची किळस यायची.

वर्षश्राद्ध झालं. शंतनू येऊन गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी शामलाबाई रस्ता ओलांडून दुकानात आल्या. विरेश पटकन उठून उभा राहिला.

“भावजी,” त्या आप्पांना म्हणाल्या, “मला तिकडं घेऊन चला. जागा बघायचीय.”

“वैनी, तिथं बघायला काय न्हाय. वाळू हाय.”

“तरी पण.”

उमाबाई गुडघे दुखत असतानाही बरोबर आल्या, कारण दोघांनी एकट्यानं जाणं गावाला आणखी बोलायला झालं असतं. प्रवासात शामलाबाई खिडकीशी बसून होत्या. घाट उतरताना त्यांना मळमळलं, उमाबाईंनी लिंबू हुंगायला दिलं. एवढंच काय ते देणंघेणं.

दुसऱ्या दिवशी उमाबाई मुलीच्या घरी थांबल्या आणि आप्पा शामलाबाईंना किनाऱ्यावर घेऊन गेले. लोकय्या समोर आला, त्यानं हात जोडले. तो कानडीत बोलत होता, शामलाबाईंना कानडी येत नाही. आप्पा मधे उभं राहून एकेक वाक्य मराठीत सांगत होते. सर इथं उतरले. इथं बसले. मी इथून पळालो. मग लोकय्या आणखी काहीतरी म्हणाला, आणि आप्पा थांबले.

“काय म्हणतोय तो?” शामलाबाईंनी विचारलं.

“म्हणतोय, त्या वर्षी सर रोज वाळूवर बसायचे तेव्हा छातीला हात लावून बसायचे. त्यानं विचारलं तर सर म्हणाले, जळजळ होते.” आप्पा लोकय्याकडून शामलाबाईंकडं वळले. “मला कदी बोलला न्हाय तो. म्या पाण्यातच असायचो. म्या बघितलंच न्हाय.”

लोकय्या आपल्या झोपडीकडं गेला. शामलाबाई वाळूत बसल्या. चपला काढून बाजूला ठेवल्या. पाण्याकडं बघत त्या बोलायला लागल्या.

“जळजळ नव्हती ती. भावजी, मला ठाऊक होतं.”

आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं.

“त्या वर्षी दसऱ्याच्या आधी सोलापूरला गेलो होतो आम्ही. तुम्हाला सांगितलं होतं डोळे दाखवायला जातोय. डॉक्टर म्हणाले नळ्या बंद आहेत, ऑपरेशन करा, नाहीतर कधी काय होईल सांगता येत नाही. जिना चढायचा नाही म्हणाले. हे म्हणाले, छाती फाडून घेणार नाही. शंतनूला कळता कामा नये, आणि शंभूला तर नाहीच नाही. त्याला कळलं तर तो मला पाण्यात उतरू देणार नाही.”

“आन् तुमी ऐकलं?”

“ऐकलं. भांडले, जेवले नाही दोन दिवस. शेवटी ऐकलं. वर्षभर ते त्या महिन्याचीच वाट बघायचे. बॅग मीच भरली.”

 शामलाबाईंनी साडीवरची वाळू झटकली.

“शंतनू तुम्हाला बोलला त्या दिवशी मी तिथंच होते. मी तोंड उघडलं असतं तर त्यानं मला विचारलं असतं, आई, तू का जाऊ दिलंस. म्हणून नाही बोलले. मग रोज वाटायचं उद्या सांगू. मग वर्ष झालं.”

आप्पा उठले. त्यांच्या तोंडून निघालं, “वैनी, माझ्या घराला कुणी लग्नाला बोलवंना झालंय.” ते किनाऱ्यानं चालायला लागले. होड्या ओढून ठेवल्या होत्या त्यांच्याही पलीकडं गेले. राग नेमका कुणाचा ते त्यांना कळत नव्हतं. या बाईचा होताच. पण तिच्यापेक्षा जास्त अंबादासचा. रोज शेजारी बसून, एका ताटात खाऊन, तो खोटं बोलत होता. ‘पोट सुटलंय, तू जा.’ आणि आपण जात होतो. त्यानं आपल्याला साक्षीदार म्हणून नेलं आणि काही सांगितलं नाही. मागं शामलाबाई उन्हात एकट्याच बसून होत्या. आप्पांना त्या दिसत होत्या, तरी ते दुपार होईपर्यंत परतले नाहीत. परतले तेव्हा त्यांचा चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि ओठ सुकले होते.

“चला,” आप्पा म्हणाले.

“शंतनूला सांगते मी.”

“सांगा न्हायतर नका सांगू. माझं झालं ते झालं.”

दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर आप्पा कुणाला न सांगता पाण्यात उतरले. वर्षभरात खांदे आखडले होते. पहिल्या कितीतरी लाटा त्यांच्या डोक्यावरून गेल्या, फळी उलटून कपाळाला लागली, खोक पडली. ते रागानं पुन्हा पुन्हा आत जात होते. मग एका लाटेनं उचललं आणि पाय आपोआप खाली आले. फळी पाण्यावरून सरकायला लागली, वारा तोंडावर, कपाळातलं रक्त आणि खारं पाणी ओठांवर. आणि त्यांना आनंद झाला, पहिल्या दिवसाइतकाच, जराही कमी नाही. किनाऱ्याला लागल्यावर ते गुडघाभर पाण्यात उभे राहून रडले. उमाबाईंनी कपाळ बघून काय झालं विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं, शामलाबाईंचंही. उमाबाईंनी हळद लावता लावता ऐकून घेतलं. शपथेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शामलाबाईंनी शब्द पाळला. शंतनूला बोलावून घेतलं आणि समोर बसवून सांगितलं. गल्लीला फक्त त्याचा चढलेला आवाज ऐकू आला, आणि थोड्या वेळानं गाडी निघून गेल्याचा. आप्पांकडं तो आला नाही, माफी मागितली नाही. आईकडं येणंही त्यानं सोडलं, सणासुदीला फोन करायचा तेवढाच. एकटीनं त्या घरात राहणं शामलाबाईंना झेपेना. त्या तुळजापूरला भावाकडं गेल्या. घराला कुलूप लागलं.

गावाचं म्हणाल तर गावात काही बदललं नाही. मास्तरचं हृदय आधीच खराब होतं हे लोकांना कळलं, पण जी गोष्ट सांगायची सवय झाली होती तीच सांगितली जात राहिली. आप्पांनीही कुणाला समजावलं नाही. ते दर हिवाळ्यात एकटे जायला लागले. लोकय्याला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, मला ढकलायचं नाही, जमलं तर माझं मी उठेन. तीन हिवाळे असे गेले. आत, लाटा उठतात तिथं, फळीवर बसून वाट बघताना पुढची कमरेइतक्या पाण्यातली जागा रिकामी दिसायची. तिकडं न बघता लाट घ्यायला ते शिकले. सरांवरचा राग मात्र गेला नाही. उमाबाईंना एकदा म्हणाले, “मेल्याला शिव्या देऊ ने म्हणतेत. म्या रोज देतो.”

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी दुकानात पितळी हंडे आले. आप्पांनी एक उचलून भिंतीच्या फळीवर ठेवला आणि त्यांच्या छातीवर कुणीतरी हात दाबून ठेवल्यासारखं झालं. डाव्या दंडापर्यंत कळ गेली. खुर्चीत बसले, पाणी प्याले, गेलं. विरेश गिऱ्हाईकात होता, त्याला कळलं नाही. बॅग भरायला आठ-दहा दिवस होते. मुलीला फोन झालेला, लोकय्यानं फळी घासून-पुसून ठेवलेली.

चार दिवस आप्पांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्या चार दिवसांत त्यांना अंबादास सर पुरेपूर कळले. सकाळी उठल्यावर वाटायचं, सांगू. मग समुद्र डोळ्यांपुढं यायचा. एकच महिना, परत आल्यावर सांगू. जळजळच असेल. बोलायला तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी निघायचं, उमाबाईंना ते मिठाचं नाहीतर दुधाचं विचारायचे. पाचव्या दिवशी भाकरी थापणाऱ्या उमाबाईंच्या समोर येऊन बसले आणि म्हणाले, “छातीत दुखलं. चार दिस झाले.”

उमाबाईंनी पिठाचे हात तसेच घेऊन विरेशला हाक मारली.

सोलापूरला नेलं, नळीत जाळी बसवली. तरुण डॉक्टर होता, सगळं नीट समजावून सांगत होता. आप्पांनी एकच विचारलं. तो म्हणाला, “आजोबा, पोहणं नाही, फळी तर अजिबात नाही. सकाळी सपाट रस्त्यानं चाला.” विरेशनं मान डोलावली. उमाबाईंनी देवाला हात जोडले. घरात सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. त्या आनंदात आप्पा एकटे बसून होते.

फळी लोकय्यानं शिकाऊ लोकांसाठी वापरायला घेतली.

बरं वाटायला लागल्यावर विरेश त्यांना तुळजापूरला दर्शनाला घेऊन गेला. आप्पांनी त्याला देवळापाशी सोडलं आणि बोळातून विचारत विचारत शामलाबाईंच्या भावाच्या घरी गेले. खाली दुकान, वर राहायचं. ते एकेक पायरीवर थांबत वर चढले. शामलाबाई गव्हातले खडे वेचत होत्या. आणखी वाळल्या होत्या. त्यांनी चटई टाकली, पाणी दिलं. किनाऱ्यावरच्या त्या दिवसानंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर बसले होते.

“वैनी, मलाबी तेच निघालं. अंबादासचं होतं तेच,” आप्पा म्हणाले. “म्या घरी सांगितलं.”

शामलाबाईंचे हात सुपात थांबले. “चांगलं केलंत.”

“जाळी बसवली. समुद्र बंद केला त्यांनी.”

 खालून नारळ-परड्या विकणाऱ्याचा आवाज येत होता.

“मग आता काय करता?”

“काय न्हाय. दुकानात बसतो.”

शामलाबाई उठल्या. “चहा ठेवते,” म्हणाल्या, “साखर चालते का?”

“चालते,” आप्पा म्हणाले, आणि चहा होईपर्यंत सुपातले राहिलेले खडे वेचत बसले.